लॉक बार लावण्याआधी एकदा बोटांनी तपास

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. हायकासचा, म्हणजे मागची चाकंही थोडी वळवणाऱ्या यंत्रणेचा, दिवा अधूनमधून लागतो, त्याच वेळी स्टीअरिंग जड होतं, आणि हायवेवर लेन बदलताना गाडीची मागची बाजू क्षणभर तरंगल्यासारखी वाटते, असं तू लिहिलंस. शेवटी वैतागून म्हणतोस की आता सगळं काढून लॉक बार, म्हणजे मागची चाकं कायमची सरळ धरणारी दांडी, बसवतो. जरा थांब. मला वाटतं तुझ्या गाडीत एक नाही, दोन बिघाड आहेत. आणि त्यातला जो खरा धोक्याचा आहे, तो लॉक बार लावूनही तसाच राहील.

तुझ्या निसान स्कायलाइन आर-३२ ला १९८९ साली आलेली सुपर हायकास आहे, तेलाच्या दाबावर चालणारी. पुढच्या पॉवर स्टीअरिंगच्या पंपालाच जोडलेला दुसरा पंप मागे तेल पाठवतो. मागची चाकं वळतात ती फार तर एक अंश: वळण घेताना आधी निमिषभर पुढच्या चाकांच्या उलट, मग त्यांच्याच दिशेने. मागच्या सिलिंडरमध्ये दणकट स्प्रिंग असते. कंट्रोल युनिटला एखादा सिग्नल खटकला की ते दाब तोडतं, स्प्रिंग चाकं सरळ धरते आणि मग दिवा लागतो. स्टीअरिंगचा हलकेपणाही तेच युनिट सांभाळतं, म्हणून ते त्याच वेळी जड होतं. म्हणजे दिवा बघून तुझ्या पोटात गोळा येतो, त्या वेळी मागची चाकं खरं तर जागच्या जागी धरलेली असतात.

आता मला सांग, मागची बाजू तरंगते तेव्हा दिवा लागलेला असतो का? तुझ्या पत्रावरून तरी नसावा. मला काळजी वाटते ती त्याचीच. युनिटला फक्त विजेचे सिग्नल कळतात. बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोळ्याचा सांधा, किती झिजलाय हे सांगणारा सेन्सर त्यात नाहीच.

माझ्या गाडीवर मी हीच चूक केली होती. दोन महिने वायरिंग तपासलं, कनेक्टर साफ केले, सेन्सर बदलला. मागची बाजू डुलायची ती डुलतच राहिली. मग एका संध्याकाळी गाडी मागून उचलून स्टँडवर टेकवली आणि भावाला सांगितलं, चाक डाव्या-उजव्या कडेला धरून हळूच मागेपुढे हलव. मी खाली झोपून टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकाच्या बॉल जॉइंटवर दोन बोटं ठेवली. रबरी बूट धड होता, ग्रीस बाहेर आलेलं नव्हतं, दिसायला सगळं ठीक. पण चाक हललं की बोटांखाली बारीकशी टिचकी लागायची. कानाला काही ऐकू येत नव्हतं. रॉड जागचा हलत नव्हता आणि चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, मात्र केसभर सरकत होता. दुसऱ्या बाजूला हात लावला तर तिथे काहीच नाही. तेवढ्या केसभर सैलपणात चाक स्वतःच्या मर्जीने वळत होतं, आणि एक अंशावर चालणाऱ्या यंत्रणेत ते पुष्कळ झालं.

हे आधी कर, बाकी सगळं नंतर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नकोस, स्टँड हवेतच. आणि लॉक बार मधला सिलिंडर बाद करतो, चाकाकडचे बॉल जॉइंट तेच जुने राहतात. म्हणजे पैसे खर्च होतील, चार चाकांनी वळणारी गाडी हातची जाईल आणि तरंगणं राहीलच. चांगल्या अवस्थेतली हायकास लांब, वेगाच्या वळणात गाडी किती शांत ठेवते हे मी अनुभवलंय, म्हणून ती वाचावी असं मनापासून वाटतं.

दिव्याबद्दल माझा पहिला संशय तुझ्या स्टीअरिंग व्हीलवर आहे. तू पाठवलेल्या फोटोत ते मूळचं नाही, आधीच्या मालकाने बदललेलं दिसतं. या गाड्यांत स्टीअरिंग किती वळलं ते मोजणारा कोनाचा सेन्सर कॉलमवर व्हीलच्या मागेच असतो आणि व्हीलचा बॉस (व्हील कॉलमला जोडणारा तुकडा) त्याच्या चकतीत अडकून ती फिरवतो. साधा बॉस लावला तर व्हील फिरतं, चकती फिरत नाही. बॉस हायकाससाठीचाच असला, पण नीट अडकलेला नसला, तरी गडबड होते. व्हील काढून डोळ्यांनी बघ. एअरबॅगवालं असेल तर मात्र हात लावू नकोस, जाणकाराकडूनच काढून घे.

तेवढंच बघून थांबू नकोस. स्पीडोमीटरचा काटा चालताना मध्येच पडतो का? वेगाचा सिग्नल तुटला तर युनिट गप्प बसणार नाही. तेलाच्या टाकीचं झाकण उघडून तेल फेसाळ किंवा दुधट दिसतं का बघ. तसं असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय. मागे जाणाऱ्या नळ्या गाडीच्या पूर्ण लांबीभर आहेत, जोडांवर ओल शोध. बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग मोजायला पाच मिनिटं लागतात. युनिटचा संशय सगळ्यात शेवटी. तीस वर्षांपुढच्या सर्किटवर कॅपॅसिटर गळू शकतात हे खरं, पण लोक सुरुवातच तिथून करतात आणि चांगलं युनिट उगाच उघडून बसतात.

युनिट स्वतःही बोलतं, हे विसरू नकोस. इंजिन चालू केल्याबरोबर स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवून आणि ब्रेक ठराविक वेळा दाबून ते तपासणीच्या मोडमध्ये जातं, मग तोच दिवा कोड मिचकावतो. नेमका क्रम तुझ्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घे. शेजारी कुणाला तरी वही घेऊन बसव. एकट्याने मोजताना चुकायला होतं.

जॉइंट बदललेस तर चारही चाकांचं अलाइनमेंट करून घे, आणि मागचा सिलिंडर मध्यावर असतानाच. मागचा टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, वाकडा ठेवून पुढचाच जुळवला तर सरळ रस्त्यावरही व्हील तिरकं राहतं आणि आपण पुन्हा सेन्सरला दोष देत बसतो.

तोवर हायवेवर वेगात जाऊ नकोस, एवढं माझं ऐक. दोन्ही बाजूंच्या जॉइंटवर बोट ठेवून काय जाणवलं ते मला कळव, आणि दिवा किती वेळा मिचकावला तेही. व्हील काढलंस तर मागच्या चकतीचा जवळून एक फोटो पाठव.

तुझाच,
जुना मित्र