फाईलसोबत फॉन्टही पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाने स्मरणिका काढली. अक्षरजुळणी परभणीत झाली आणि छपाई छत्रपती संभाजीनगरला. मजकूर तीनदा तपासून मी स्वतः मुद्रितावर (छपाईपूर्वीच्या तपासणी प्रतीवर) सही केली होती. तरीही छापून आलेल्या नामावलीत ‘कऱ्हाळे’, ‘गोऱ्हे’ या आडनावांतील ‘ऱ्ह’च्या जागी रिकामे चौकोन होते. फाईल उघडताना छापखान्यातील संगणकाने फॉन्ट सापडत नसल्याची सूचना दिली होती. ती वाचून आम्हाला फोन करण्याऐवजी सुचवलेला पर्यायी फॉन्ट स्वीकारला गेला. स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांच्या हाती त्या प्रती देताना फार वाईट वाटले.

आपल्याकडे आजही बरेच काम श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये चालते. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात आणि प्रत्येकाची मांडणी निराळी असते. त्यामुळे मूळ फॉन्ट नसेल तर कधी रोमन अक्षरांची रांग दिसते, तर कधी दुसरा देवनागरी फॉन्ट लागून मोजकीच अक्षरे बदलतात. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण पान वरवर ठीक दिसते आणि चूक सुटून जाते. युनिकोड या सर्वत्र समान असलेल्या संगणकीय पद्धतीत प्रत्येक अक्षराचा क्रमांक ठरलेला असल्याने फॉन्ट बदलला तरी शब्द सहसा टिकतात. मात्र अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि शेवटचा परिच्छेद चौकटीबाहेर जाऊ शकतो. म्हणजे युनिकोड वापरले तरी फॉन्टची काळजी सुटत नाही.

कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधील मजकूर ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांचे चित्राकृतींत रूपांतर करून, पाठवण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. तिने अक्षरे सुरक्षित राहतात, पण नंतर एक वेलांटीही टाइप करून सुधारता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली मूळ फाईल जपून ठेवलीच पाहिजे. इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅकेज’ केले की फाईल, चित्रे आणि वापरलेले फॉन्ट एका फोल्डरमध्ये जमा होतात व तो फोल्डर जसाच्या तसा पाठवता येतो. अडोबी फॉन्ट्सच्या सेवेतून घेतलेले फॉन्ट मात्र त्यात येत नाहीत, ते समोरच्याने आपल्या खात्यातून सुरू करावे लागतात. विकत घेतलेले फॉन्ट दुसऱ्याला देण्यास परवान्याची अडचण असते. यासाठी मुक्ता किंवा नोटो यांसारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट दोन्हीकडे घेणे मला अधिक सरळ वाटते, पण दोन्हीकडची आवृत्ती एकच असावी. अंतिम छपाईसाठी पीडीएफ द्यावी आणि पाठवण्यापूर्वी अॅक्रोबॅट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईलच्या माहितीतील ‘फॉन्ट्स’ या भागात प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ (पूर्ण फॉन्ट फाईलमध्येच बसवलेला) किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ (वापरलेली अक्षरेच बसवलेली) लिहिलेले आहे का, ते पाहावे. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत.

मराठवाड्यातील छापखानाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, फॉन्ट सापडत नसल्याची सूचना दिसताच काम थांबवून ग्राहकाला कळवावे आणि छपाईची प्लेट काढण्यापूर्वी आपल्याच संगणकावरून निघालेले मुद्रित त्याला दाखवावे. डीटीपी (संगणकावरील अक्षरजुळणी व मांडणी) शिकवणाऱ्या संस्थांनीही पॅकेज व पीडीएफ तपासणीचा सराव विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. यंदाच्या स्मरणिकेची नामावली आम्ही युनिकोडमध्ये नव्याने टाइप करून घेत आहोत, आणि गेल्या वर्षी चुकलेली नावे त्यात पहिल्या पानावर येतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परभणी