सर, तुमचं सर्पदंशावरचं व्याख्यान आमच्या ओळीतल्या पोराच्या कामी आलं

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ओळीतल्या एका आईने मला पत्र लिहायला सांगितलं. "सरले कळव, पोरगा शाळेत जाऊन राह्यला," एवढाच तिचा निरोप आहे. बाकीचं माझ्या मनातलं.

पोळ्यानंतरची गोष्ट. पोरगा खाली चटईवर झोपला होता, पहाटे पोट दुखतं म्हणून उठला. अंगावर खूण नाही, सूज नाही. बाहेरचं काही असेल म्हणून लिंबू उतरवायचं चाललं होतं. मी पोचले तेव्हा "वर पाह्य" म्हटलं की तो कपाळाला आठ्या घालायचा, पण पापण्या उचलत नव्हत्या. त्याची आजी एकदम म्हणाली, "हे मन्यार हाय. सर सांगून गेले व्हते." लगेच 108 ला फोन लावला. ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरची लस सुरू झाली, तिथून जिल्ह्याला नेलं, व्हेंटिलेटर लागला. पोरगा वाचला.

तुम्हाला ती आजी आठवत असेल. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना झाल्यावर तुम्ही पारावर बोलायला उभे राहिलात, तेव्हा सगळ्यांदेखत तिनेच विचारलं होतं, "मंग माह्या मालकाले पान लागलं तवा जानत्यानं कसं वाचोलं?" पान लागणं म्हणजे साप चावणं, आणि जाणता म्हणजे मंत्राने विष उतरवणारा. लोक हसले, तुम्ही हसला नाहीत. खाली येऊन तिच्याजवळ बसलात. साप कसा होता, किती लांब, दिवसा की रात्री, एकेक विचारत गेलात. लांबलचक पिवळसर साप, भर दिवसा, धुऱ्यावर. मग सगळ्यांना सांगितलंत की ती धामण असावी आणि धामणीला विष नसतं. आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चारच : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. तेही कधी कधी चावतात पण विष सोडत नाहीत. असे सगळे रोगी जाणत्याच्या ओट्यावर बरे होतात आणि त्याचं नाव होतं. जे दगावतात त्यांना "उशीर झाला" म्हणून सोडून देतात, त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. मी आशा सेविका आहे, वर्षानुवर्षं लोकांना "दवाखान्यात चला" म्हणते. पण का चला, हे इतक्या सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं.

चौघांवर लस एकच, म्हणून साप मारून आणायच्या नादात वेळ घालवू नका, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि मण्यारीचा चावा झोपेत कळतसुद्धा नाही, हे. तेच त्या पहाटे कामी आलं.

भजनी मंडळातल्या बुवांनी तुम्हाला देवाबद्दल छेडलं, तेव्हा मला भीती वाटली होती की आता वाद पेटणार. तुम्ही म्हणालात, "नागपंचमीच्या बाऱ्या म्हणा, हात जोडा, मी आड येत नाही. पण रोगी आधी गाडीत बसवा." मग गाडगेबाबांबद्दल बोललात. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरही लोकांकडूनच काढून घ्यायचे. आपल्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातला माणूस. बुवा शेवटपर्यंत बसून राहिले. श्रद्धेची टर उडवली असती तर अर्धा पार उठून गेला असता, आणि आजी सगळ्यांत आधी.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा मला फार आधार झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, वर दंड. या कायद्यासाठी दाभोलकर सर अनेक वर्षं झटले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि कायदा त्यानंतर आला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा पारावर कोणी बोललं नाही. आता एखाद्या घरी अडवाअडवी झाली की मी कायद्याचं नाव घेते. ऐकतात.

सर, एक मागणं आहे. अंगात येण्यावर बोलायला तुम्ही परत या, बायका विचारत आहेत. पण या वेळी रात्री नको. निंदणाचे दिवस सरले की दुपारी ठेवा, आणि पाराऐवजी अंगणवाडीत. पारावर आमच्या सुना तोंड उघडत नाहीत.

तुमची,
एक आशा सेविका
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ