महागाईचा एकच आकडा छापू नका, शेजारी मागचे दोनही छापा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमचं किराणा दुकान आहे, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतंय, तेवढ्या वेळात तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो, अर्थ-उद्योगाचं पान तर जरा जास्तच बारकाईनं. त्या पानाबद्दलच लिहितोय. तक्रार म्हणा नाहीतर विनंती म्हणा, आणि ती फक्त तुमच्या पेपरची नाही, सगळ्याच पेपरांची आणि चॅनेलवाल्यांची आहे, पण मी पैसे तुमच्या पेपरला देतो म्हणून पत्र तुम्हाला.

दर महिन्याच्या 12 तारखेला दुपारी चार वाजता दिल्लीहून सांख्यिकी मंत्रालय किरकोळ महागाईचा आकडा जाहीर करतं. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं तो ठळक टायपात येतो, एक टक्केवारी, एक बाण खाली किंवा वर, आणि खाली कुठल्यातरी बँकेच्या अर्थतज्ज्ञाचं मत. बास. त्या टक्केवारीच्या अलीकडं पलीकडं काहीच नसतं आणि सगळा घोळ तिथंच होतो.

ऑक्टोबर 2025 चं उदाहरण घ्या. आकडा आला 0.25 टक्के. 2012 हे आधार वर्ष धरून जी मालिका चालू होती त्यातला सगळ्यात कमी. सगळीकडं "महागाई नीचांकी पातळीवर" अशा बातम्या झळकल्या आणि दुकानात येणारी माणसं मलाच विचारायला लागली, काय शेठ, महागाई संपली म्हणे, मग तुमच्याकडं तेलाचा डबा का उतरत नाही? आता काय सांगणार! टक्केवारी म्हणजे भाव किती वेगानं चढतायत ते, भाव कुठं आहेत ते नव्हे. एसटी घाटात हळू झाली म्हणून ती मागं गेली असं कोणी म्हणत नाही, पण महागाईच्या बाबतीत आपण दर महिन्याला तेच म्हणतो.

खरं तर सरकार स्वतः निर्देशांक पण देतं, म्हणजे आधार वर्षातले भाव शंभर धरले तर आजचे किती तो आकडा, लपवत नाही. ऑक्टोबर 2023 ला तो 185.3 होता, ऑक्टोबर 2024 ला 196.8, ऑक्टोबर 2025 ला 197.3. हे तीन आकडे एका ओळीत छापले असते तर शेंबडं पोरगं पण सांगेल की पहिल्या वर्षात भाव सहा टक्क्यांच्या वर चढले आणि दुसऱ्या वर्षात तिथंच थांबले, उतरले नाहीत. दोन वर्षांचा हिशोब धरला तर साधारण साडेसहा टक्के, म्हणजे वर्षाला सव्वातीनच्या आत. हा आकडा रिझर्व्ह बँकेच्या चार टक्क्यांच्या उद्दिष्टाच्या खाली आहे म्हणजे चांगलाच आहे, मी रडगाणं गात नाहीये. पण ऑक्टोबर 2024 चा 6.21 आणि ऑक्टोबर 2025 चा 0.25 या दोन टोकांपेक्षा तो जास्त खरा आहे आणि तोच नेमका कुठं छापून येत नाही.

आता यात भाजीचा वाटा बघा. ऑक्टोबर 2024 ला भाजीपाला वर्षभरात 42 टक्क्यांनी चढलेला होता. ऑक्टोबर 2025 ला तोच साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरला. म्हणजे शंभराची भाजी 142 ला गेली आणि तिथनं 103 ला आली. पहिल्या वर्षी आपण बोंब मारली, दुसऱ्या वर्षी पेढे वाटले, आणि दोन वर्षांत झालं काय तर भाजी तीन रुपयांनी वाढली. याला अर्थतज्ज्ञ बेस इफेक्ट म्हणतात आणि बातमीत शेवटून दुसऱ्या वाक्यात तो शब्द टाकून मोकळे होतात, जणू काही किरकोळ तांत्रिक गोष्ट आहे.

आणि एक गंमत सांगतो, गंमत कसली म्हणा. पहिल्या पानावर महागाई नीचांकी म्हणून आनंद, आणि आतल्या पानावर कांद्याला भाव नाही, लासलगावला शेतकऱ्यांचा संताप, उत्पादन खर्च पण निघेना. अहो, ही एकच बातमी आहे की! भाजीपाला साडेसत्तावीस टक्क्यांनी उतरला त्यातच तो कांदा आहे. एका टोकाला आमच्याकडं पिशवी घेऊन आलेल्या बाईंचे पैसे वाचले, दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर घेऊन मार्केटला गेलेल्या माणसाचे गेले. निर्देशांक फक्त पिशवीवालीच्या बाजूनं मोजतो, त्याचं कामच ते आहे, त्याला दोष देत नाही. पण हा आकडा वर गेला की सरकार काय करतं ते नाशिककरांना विचारा, ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर 2023 ला थेट निर्यातबंदी, मे 2024 मध्ये ती उठली तर शुल्क मागं लागलंच, ते पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. आणि आकडा इतका खाली आल्यावर ट्रॅक्टरवाल्यासाठी तेवढ्याच घाईनं काय झालं हे कोणी विचारत नाही. निदान तुमच्या पेपरात तरी या दोन बातम्या एकमेकींना ओळखत असाव्यात एवढंच.

आता दुसरी बाजू. व्हॉट्सॲपवर आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपात महागाईचा आकडा पडला की लगेच सुरू होतं, सगळं खोटं आहे, एसी ऑफिसात बसून आकडे बनवतात वगैरे. मला हे पटत नाही कारण आकडा जिथं जन्मतो ती जागा मी बघितलीय. आमच्या दुकानात भाव विचारायला एक मुलगा येतो. पूर्वी कागदी फॉर्म असायचा, आता टॅबलेट. त्याला "तूरडाळ काय भाव" एवढं चालत नाही, त्याच्याकडं आधीच लिहिलेलं असतं की कुठली डाळ, सुटी की पॅक, कुठला ब्रँड, किती वजन, आणि मागच्या वेळी काय भाव होता. तीच वस्तू पाहिजे. नसेल तर तशीच दुसरी बघतो आणि तसं नोंदवतो. एकदा मी घाईत म्हणलं, अरे लिही की गेल्या वेळचाच भाव, फरक नाही पडत, तर नाही म्हणाला, पुडा दाखवा. पुडा हातात घेऊन त्यानं वजन वाचलं, किंमत तीच होती पण ग्रॅम कमी झाले होते! मी रोज विकतो तरी माझ्या लक्षात नव्हतं आलं. कंपन्या किंमत तशीच ठेवून माल कमी करतात ते सगळ्यांना माहितीय, पण ते पकडायला कोणीतरी उन्हातान्हात फिरून पुडा उलटा करून बघतोय हे किती जणांना माहितीय? 2012 च्या मालिकेत देशभरातले 1114 शहरी बाजार आणि 1181 खेडी अशी धरलेली होती, सुरुवातीला खेड्यातले भाव तर डाकखात्याची माणसं गोळा करायची. नंतर सप्टेंबर 2025 ला जीएसटी उतरला, साबण, टूथपेस्ट, बिस्किटं 18 वरून 5 टक्क्यांवर आली तेव्हा तर विचारू नका, एकाच फळीवर जुन्या किमतीचे पुडे, नव्या किमतीचे पुडे, साडेचार रुपयांचा बिस्किटपुडा आणि सुट्टे पन्नास पैसे कुणाकडंच नाहीत. त्या गोंधळात त्या पोरानं शांतपणे नोंदी केल्या. त्यामुळं आकडे खोटे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग गिऱ्हाईकाला महागाई जास्त का वाटते? रिझर्व्ह बँक लोकांना विचारते की तुम्हाला सध्या महागाई किती वाटते, तर 2025 च्या उत्तरार्धात सरकारी आकडा दोनच्या आसपास किंवा खाली असताना लोक सातच्या आसपास सांगत होते. लोक खोटं बोलत नाहीत. माणूस जे वारंवार घेतो आणि जे चढलंय तेच लक्षात ठेवतो. 2025 मध्ये डाळी चांगल्या उतरल्या होत्या, तूरडाळ तर सणकून, पण एका पण माणसानं काउंटरला येऊन म्हणलं नाही की शेठ, डाळ स्वस्त झाली हो. खाद्यतेल मात्र सप्टेंबर 2024 ला आयात शुल्क वाढवल्यापासून चढलं, त्यावर सगळे बोलणार, खोबरेल तर विचारूच नका. सोनं घ्यायला कुणी दर आठवड्याला जात नाही पण त्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ.

शिवाय टोपलीचा, म्हणजे महागाई मोजायला धरलेल्या वस्तूंच्या यादीचा, प्रश्न होताच. जुन्या मालिकेतली टोपली 2011-12 च्या खर्च पाहणीवर भरलेली, त्यात खाण्यापिण्याचं वजन शंभरातलं 45.86, आणि टांग्याचं भाडं, कॅसेट, टेपरेकॉर्डर असलं सामान त्यात बसून होतं. टांगा! आमच्या गावात शेवटचा टांगा कधी बंद झाला ते आठवत पण नाही. आता 2024 आधार धरून नवी मालिका आलीय, खाण्याचं वजन 37 च्या जवळ आलंय, खेड्यातलं घरभाडं पण धरलंय जे आधी धरतच नव्हते. हे चांगलं झालं. पण यात एक नवीन खड्डा आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, जुना निर्देशांक 197 होता, नवा शंभरच्या थोडा वर आहे, कारण मोजपट्टी 2024 ला शंभर धरून परत लावलीय, भाव निम्मे झालेले नाहीत. असला फॉरवर्ड आमच्या ग्रुपात येणार याची मला खात्री आहे, तुम्ही आधीच चौकट टाकून ठेवा.

जीडीपीची, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या आकड्याची, गत तीच. जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीचा वाढीचा दर तेव्हा 8.2 टक्के जाहीर झाला, आधीच्या वर्षी त्याच तिमाहीला 5.6 होता. बातमी अशी की अर्थव्यवस्था सुसाट. बाजारात मात्र सगळे म्हणत होते धंदा होता तसाच आहे. दोघंही बरोबर होते. 8.2 हा भाववाढ वजा करून काढलेला आकडा, भाववाढ न काढता तो 8.7 होता, आणि आदल्या वर्षी तसाच भाववाढीसकटचा आकडा आठ-सव्वाआठच्या घरात होता. आता माझा गल्ला भाववाढीसकटच मोजतो ना, बँकेचा हप्ता, पोराचा पगार, दुकानाचं भाडं सगळं भाववाढीसकट. मला आठवरून साडेआठ-पावणेनऊ झालेलं दिसणार, पाच-साडेपाचवरून आठ झालेलं दिसणारच नाही. कारण मधली वाढ मालाची जेवढी, त्याहून जास्त भाववाढ पडल्याची होती. हा 8.7 चा आकडा सरकारच्या त्याच पत्रकात त्याच पानावर होता, तुमच्या बातमीत मला तो सापडला नाही, असला तर कुठंतरी तळाला असेल. नोव्हेंबर 2025 मध्ये आयएमएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं, आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांना "सी" श्रेणी दिली, म्हणजे त्यात उणिवा आहेत असा शेरा मारला, तेव्हा पण दोन दिवस नुसता कलगीतुरा झाला, हे म्हणे देश विकायला काढला, ते म्हणे परक्यांचं कारस्थान. कारण काय होतं? जुनं आधार वर्ष 2011-12, आणि भाववाढ वजा करायला आपल्याकडं उत्पादकांच्या भावाचा निर्देशांकच नव्हता म्हणून घाऊक भाव वापरायचे. घाऊक महागाई ऑक्टोबर 2025 ला उणे 1.21 होती, मग वजा करायला उरलं काय? एवढं साधं कुणी समजावून सांगितलं असतं तर भांडणारे निम्मे गप्प बसले असते.

पीएमआयचं, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेल्या निर्देशांकाचं, तर विचारूच नका. ऑगस्ट 2025 ला कारखान्यांचा पीएमआय 59.3 आला, तर मी एका ठिकाणी वाचलं की उत्पादनात 59 टक्के वाढ. अहो तो चारशेच्या आसपास कारखान्यांना विचारून काढतात, गेल्या महिन्यापेक्षा बरं की वाईट, पन्नासच्या वर म्हणजे बरं म्हणणारे जास्त, एवढंच. तो दर महिन्याला लवकर येतो म्हणून उपयोगी, पण किती बरं ते त्यात नसतं. आणि औद्योगिक उत्पादनाचा आकडा आता 28 तारखेला येतो, लवकर यायला लागला हे चांगलं, पण तो पहिला अंदाज असतो, पुढं दुरुस्त होतो, ती दुरुस्ती छापलेली मी तरी पाहिली नाही. पहिला आकडा पहिल्या पानावर, दुरुस्त आकडा कुठंच नाही, हा कुठला न्याय?

तर मागणी अशी आहे. 12 तारखेच्या आकड्याबरोबर एक छोटी चौकट छापा, बोटभर पुरेल. त्यात निर्देशांक या महिन्याचा, गेल्या महिन्याचा, वर्षापूर्वीचा आणि दोन वर्षांपूर्वीचा. मागच्या महिन्याचा आकडा दुरुस्त झाला असेल तर तो. डाळ, तेल, भाजी, दूध यांचं वेगळं वेगळं. आणि शेजारी लासलगावचा कांदा, लातूरची तूर, सोलापूरची ज्वारी यांचा त्या आठवड्याचा मार्केटमधला भाव. हे सगळं फुकट मिळतं, सरकारच्या वेबसाइटवर असतं, बाजार समित्यांकडं असतं. एखाद्या पोराला महिन्यातनं दोन तास बसवलं की होतंय. जागा नसेल तर अर्थतज्ज्ञाचं मत एखाद्या महिन्यात गाळा, वाचकांची काही हरकत असणार नाही, माझी तर नाहीच.

तुमच्याकडं जमलं नाही तर दुकानाच्या फळ्यावर मीच लिहून लावेन, पण माझं अक्षर फार खराब आहे आणि फळ्यावर आधीच उधारी बंदची पाटी आहे.

कळावे,
एक किराणा दुकानदार व आपला नियमित वाचक,
जि. सोलापूर