हात लावल्यावर दुखतं का

डिचोली

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी तेच तेच विचारत राहिलो आणि तू ‘बाबा, पुरे आता’ म्हणून फोन ठेवलास. चूक माझीच. पण डॉक्टरांच्या कागदावरच्या त्या एका शब्दाने माझी झोप उडवली. पोटात उजवीकडे खाली ‘टेंडरनेस’. ३१ वर्षं कचेरीत टेंडरांचे लखोटे उघडले, हे टेंडर कधी भेटलं नव्हतं.

रात्री अण्णांचा जाडा शब्दकोश काढला. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी निघाली. निविदेचं टेंडर लॅटिन ‘तेंदेरे’तून आलं, म्हणजे ताणणं, पुढे करणं, आपला ‘ताण’, ‘तंतू’ त्याच कुळातले. तुझ्या कागदावरचा शब्द ‘तेनेर’चा, म्हणजे कोवळं. फ्रेंचांच्या हातून तो इंग्रजीत गेला आणि पोर्तुगीजांकडे ‘तेर्नुरा’ झाला. अण्णा गोवा मुक्त होण्याच्या, १९६१ च्या आधीचे, पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत शिकलेले. तू बारा दिवसांची असताना तुला मांडीवर घेऊन ते म्हणाले होते, ‘के तेर्नुरा!’ किती गोड, किती माया. आणि डॉक्टर तोच शब्द वापरतात दाबल्यावर दुखण्यासाठी. आपल्याकडे ‘हळवं’ आहे तसंच. दुखरी जागा हळवी, माणूस हळवा, आणि शेतात लवकर तयार होणारं भातही हळवंच.

सोनोग्राफी साफ आली, हे तू सांगितलंस. तरी उजवीकडे खाली म्हटलं की अपेंडिक्सचा संशय आधी घेतात, एवढं आता मलाही कळतं. परत दुखलं तर रात्र काढत बसू नकोस. उपाशीपोटी चहा घेऊ नकोस, रात्रीचं जेवण अकरावर नेऊ नकोस, घरी पेज करत जा... बघ, सुरू झालो. माफ कर.

तू सात वर्षांची असताना कुळागरातल्या पाटाच्या दगडावरून पडलीस. डॉक्टरांनी मनगट दाबलं, ‘दुखतं?’ विचारलं. तू मान हलवलीस, नाही म्हणून. पण दुसऱ्या हाताने माझा अंगठा असा धरला होतास की नखांचे चार वण उठले. मी ते पाहिले आणि गप्प राहिलो. दोन दिवसांनी एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं. ते गप्प राहणं मला अजून सुटलेलं नाही.

पुण्यात रात्री दोन वाजता तू एकटी रिक्षा करून दवाखान्यात गेलीस. मी सगळ्यांना अभिमानाने सांगतो. पण तिथे अंगठा कोणाचा धरलास? हात लावल्यावर दुखतं हे डॉक्टरांना नीट सांगितलंस ना? पोट दाबून बघतात तेव्हा तुझ्या सांगण्यावरच बरंच ठरतं.

नारळ पाडणारा पाडेली सोमवारी येतोय. कोवळी शहाळी उतरवून कदंबच्या पुण्याच्या गाडीने पाठवतो.

आई काही विचारत नाही. पण फोन वाजला की पदराला हात पुसत येते आणि माझ्या खुर्चीमागे उभी राहते.

तुझे,
बाबा