तुझ्या नव्या मालिकेतल्या बहिणीविषयी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन झाल्यापासून डोक्यात तोच विषय आहे. नायिकेच्या बहिणीला बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी आणणारा मनाचा आजार, दाखवायचं चॅनलने ठरवलंय आणि संवाद तू लिहिणार, हे ऐकून आनंद झाला, पाठोपाठ काळजीही वाटली. माझ्या ताईचं हेच दुखणं तू जवळून पाहिलंयस, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आपल्या मालिकांत हा आजार आला की केस मोकळे, काजळ फिस्कटलेलं आणि हाताशी सुरी. नाहीतर पलंगाला बांधून डोक्याला विजेचा शॉक. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यावर 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, पण पडद्यावरचा पेशंट आजही तडफडतोच. असले प्रसंग बघून बघून खरी गरज असलेल्या माणसाच्या घरचेही डॉक्टरांसमोर 'शॉक नको' म्हणून अडून बसतात.

'होमलँड' ही अमेरिकन मालिका जरूर बघ. 2011 ते 2020, आठ सीझन. सीआयएतली कॅरी मॅथिसन बायपोलर आहे आणि नोकरी जाईल म्हणून ते लपवते. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे ती हॉस्पिटलमध्ये हिरव्या पेनासाठी हट्ट धरते. विचार इतके वेगाने धावताहेत की शब्द एकमेकांवर आदळतात. सगळ्यांना ती बडबड वाटते. तिचा वरिष्ठ सॉल मात्र तिचे कागद रंगांप्रमाणे लावतो आणि त्यातला अर्थ समोर येतो. क्लेअर डेन्सने ते असं केलंय की मला आमचं घर आठवलं. पुढे कॅरीला शॉक देतात तेही रीतसर भूल देऊन.

पण पाचव्या सीझनमध्ये, बर्लिनला, डोकं तल्लख चालावं म्हणून ती मुद्दाम गोळ्या बंद करते. तिथे मला फार राग आला. गोळीने आपली धार गेली, ही खंत ताईसारख्या कितीतरी जणांना आतून पोखरत असते. त्यांना टीव्हीने 'सोडून बघ' असं सुचवायचं? पुढचे हाल दाखवतात, पण मनात राहते ती हुशारीच.

मित्रा, डेली सोपकडे जे आहे ते सिनेमाकडे नाही: वेळ. 'देवराई'ने 2004मध्ये शेषच्या स्किझोफ्रेनियाबरोबर त्याच्या बहिणीची ओढाताणही दाखवली, तीही दोन-अडीच तासांत. तुझ्या हातात शेकडो भाग आहेत. मग दाखव ना लिथियमची, म्हणजे या आजारावरच्या गोळीची, रक्तातली लेव्हल! रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. वरचेवर थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या. उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही. हाताला कंप असतो म्हणून ताई चहा कपात अर्धाच घेते. आणि आजार उसळायच्या आधी ना किंचाळी ना पार्श्वसंगीत. पहाटे तीनला ती स्वयंपाकघरातले डबे खाली काढून घासायला घेते, मुळीच न थकता. बाबा ते ऐकतात आणि उजाडताच डॉक्टरांना फोन लावतात.

एक प्रसंग मात्र लिहीच. या बहिणीला एखाद्या साध्या गोष्टीचा रास्त राग येऊ दे. कोणी तिला न विचारता तिचे पैसे खर्च केलेत, असं काही. ती आवाज चढवते आणि सगळं घर एका सुरात विचारतं, 'गोळी घेतलीस का?' ताई म्हणते, आजारापेक्षा हे जास्त लागतं. माझं भांडणसुद्धा माझं राहत नाही. त्या वेळी एकाने तरी म्हणावं, 'तिचं बरोबर आहे, पैसे परत दे.'

आणि तिला नोकरी दे, तीही टिकू दे. टीआरपी घसरला म्हणून तिच्या हातून खून करवायला सांगितलं, तर भांड. तुझं तिथे ऐकतात.

पहिले भाग लिहून झाले की पाठव. ताईला विचारलंय, ती आनंदाने वाचेल. फक्त संध्याकाळी पाठव, दुपारभर तिच्या शिकवण्या असतात.

तुझा,
जुना शेजारी