आई, फोनसाठी धाब्यावर चढू नको

पुणे

ती. बाबा आणि आई,
शि. सा. न. वि. वि.

परवा आईला बोलता बोलता धाप लागली होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, जिना चढले. रेंज धाब्यावरच येते म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी तू अजून वर जातेस, म्हणजे दिवाळीत मी लावून दिलेला लॅपटॉप बंदच पडून आहे. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवतो. बाबा, हा कागद लॅपटॉपपाशीच ठेवा.

परतीच्या पावसात वीज कडाडली तेव्हा नेटच्या डब्यातलं वायफाय गेलं, पण मागच्या वायरीतून नेट येतं. ती वायर लॅपटॉपला लावली आहे. लॅपटॉप ते नेट घेतो अन् स्वतःच्या वायफायवरून तुमच्या फोनला देतो. वेगळं काही आणावं लागलं नाही, विंडोज १० मध्ये ही सोय २०१६ पासून आहे.

लॅपटॉप सुरू झाला की खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, छोट्या टीव्हीसारखं चित्र आहे. त्यावर दाबा. 'मोबाइल हॉटस्पॉट' लिहिलेला चौकोन दाबला की तो रंगीत होतो. झालं. फोन आपोआप जोडला जाईल. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला तर चौकोन पुन्हा दाबायचा. झाकण मात्र लावू नका, लावलं की नेट बंद होतं.

लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, फोनवर वायफायची खूणही दिसते, पण डबाच बंद असल्यानं नेट नसतं. तेव्हा पासवर्ड पुसू नका. लाइन आल्यावर थोडा वेळ थांबा.

आपल्या पांढऱ्या मातीच्या जाड भिंती पाहून मी वायफायच्या लहरींसाठी २.४ गिगाहर्ट्झ निवडलंय. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे ते लवकर विरतं. स्वयंपाकघरापर्यंत नेट येतं हे मी पाहिलंय, कोठ्यात येणार नाही.

एक कळकळीचं सांगणं. भाव येईपर्यंत कापूस ज्या खोलीत भराल, तिथं लॅपटॉप नेऊ नका. कापसाचे तंतू त्याच्या पंख्यात अडकले की तो तापतो, अन् कापसाजवळ तापलेलं काहीच नको. गोधडीवरही नको, पाटावर ठेवा. आभाळ गरजलं तर डबा अन् चार्जर दोन्ही बोर्डातून काढा.

शेजारची पोरं अभ्यासाला आली तर बाबा, खुशाल जोडू द्या. एका वेळी आठ फोन चालतात. पासवर्ड तेवढा पारावर सांगू नका.

संक्रांतीला नवा डबा घेऊन येतो. आई, रविवारी सकाळी फोन करीन, तेव्हा चुलीपाशीच बस. तुझ्या नातीला तू भाकर थापताना बघायची आहे.

तुमचा,
बाळू