मुलांसाठी अक्षर जरा मोठं छापा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त शिक्षकांनी मराठी शाळा ओस पडल्याबद्दल लिहिलं होतं. मराठीसाठी मोर्चात पुढं आणि पोराचं अ‍ॅडमिशन इंग्रजी माध्यमात, असे पालक बेळगावात गल्लोगल्ली सापडतील, असा त्यांचा राग होता. त्यांतली एक मी. मोर्चात फारशी नसते, पण अ‍ॅडमिशन तिथंच आहे.

मी शहापूरची. लहानपणी आमच्या गल्लीत दर दोन-तीन घरांआड माग होता. खटखट थांबली की लाइट गेली, असं समजायचं. मराठी शाळेत शिकले आणि नोकरीसाठी अकरा वर्षं पुण्यात काढली. तिथं ऑफिसातून निघताना ‘चला, मी जातो’ म्हटलं की शेजारच्या टेबलावरच्या मुली हसायच्या. आमच्याकडं बायका ‘जातो’च म्हणतात हे सांगून सांगून मी कंटाळले आणि ‘जाते’ म्हणायला लागले. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा परत आलो. तिला आजी-आज्जा मिळावेत, गल्ली मिळावी, आणि खरं सांगायचं तर तिनंही ‘जातो’ म्हणावं, एवढ्यासाठी. ते दोन महिन्यांत झालं.

शाळेचं मात्र जमलं नाही. माझ्या जुन्या शाळेत जाऊन आले. एकाच खोलीत दोन इयत्ता, अर्धी मुलं फळ्याकडं तोंड करून, अर्धी पाठ करून. दुसऱ्या दिवशी इंग्रजी शाळेचा फॉर्म भरला. याचं समर्थन करत नाही, घडलं ते सांगते.

आता ती पाचवीत आहे. पहिली भाषा इंग्रजी. २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीचं झालं, म्हणून दुसरी कन्नड. तिसरी हिंदी. चौथीला, म्हणजे मराठीला, वेळापत्रकात जागाच नाही. दिवसभर जी भाषा तिच्या तोंडात असते, ती दप्तरात नाही.

त्यामुळं आम्हा दोघींचं गाव एकच असलं तरी ती ते वेगळं वाचते. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड साठ टक्के हवं, असा नियम झाल्यापासून वरची मोठी ओळ ती वाचते, खालची बारीक मी शोधते. खडेबाजारात एखादी पाटी फक्त कन्नडात दिसली की मी लेकीकडं बघते. मीही शाळेत कन्नड शिकले होते, पण परीक्षेपुरतं.

मागच्या महिन्यात लाइट बिल आलं. आप्पांनी, म्हणजे तिच्या आज्जानं, चष्मा लावून ते उलटसुलट केलं. त्यांना त्यातला आकडा तेवढा कळतो. ही शेजारी बसून वाचायला लागली : मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग, थकबाकी. आप्पा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात होते, तेव्हा विशीत असतील. अजूनही १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातात. मी स्वयंपाकघरातून बघत होते, म्हटलं आता काय म्हणतायत. ते म्हणाले, “थकबाकी कसली गा? मागलं भरलंय की आपण.” मग दोघांनी मिळून जुनी पावती शोधली. त्यावर पुढं काही बोलणं झालं नाही, नि मीही काढलं नाही.

मराठी वाचायला तिला मी घरीच बसवते. हिंदीमुळं देवनागरी येतेच, पण त्यात गोम आहे. बोलताना ‘चाक’ अगदी आपल्यासारखं म्हणते, वाचताना तेच चाक हिंदीतल्या चाचासारखं होतं. ‘ळ’ हिंदीत नाही, तेव्हा पहिल्यांदा तो बघून “हे कसलं अक्षर?” विचारलं. मी उच्चार सांगितला तर म्हणते, “हां, कन्नडातला ळ काय!” म्हणजे मराठीतला ‘ळ’ माझ्या लेकीला कन्नडाच्या बाईंनी आधी शिकवला. हसावं की काय करावं, कळेना.

गोष्टींची पुस्तकं आणली, पुण्याहून मागवली. चित्रं झकास, पण ती दोन पानांवर पुढं जात नाही. त्यातली आई मुलाला ‘अरे, शिमला मिरची खा’ म्हणते. शिमला मिरची म्हणजे ढबू, हे मला सांगावं लागतं. आणि एकदा रविवारी बघितलं तर ही आपला पेपर जमिनीवर पसरून बाजारभाव वाचतेय! ढबू, जवारी गाजर, मेथी शेकडा. तिच्या घरातले शब्द छापलेले बघून तिला कोण आनंद. तेव्हापासून रोज भाव वाचते आणि संध्याकाळी आजीनं भाजी महाग घेतली की तिला धरते. भावाच्या खालीच निधनवार्ता असतात. त्यामुळं न अडखळता वाचलेला तिचा पहिला लांबलचक जोडाक्षरी शब्द कोणता, तर ‘रक्षाविसर्जन’. त्याचा अर्थ सांगताना माझी तारांबळ उडाली ती निराळीच. परवा एका बातमीत नाथ पै चौक आला. रोज त्या चौकातून रिक्षा जाते, पण नाथ पै हे माणसाचं नाव, हे तिला तेव्हा कळलं. ते खासदार होते आणि १९७१ साली बेळगावातच वारले, हे आप्पांनी सांगितलं, आणि मग तासभर सांगतच बसले.

तर विनंती अशी. आठवड्यातून एकदा, स्थानिक पानावर, वीतभर जागा या मुलांना द्या. बोधकथा नको, त्या पुरेशा आहेत. इथल्याच चार-पाच सोप्या बातम्या द्या : कुठल्या तलावात पाणी किती आलं, तिसऱ्या गेटाजवळ काय झालं, आठवडाभरात ढबू कितीनं उतरली. ‘जवारी’ला ‘गावठी’ करू नका. आणि अक्षर मोठं छापा. भावाच्या चौकटीतलं इतकं बारीक असतं की ती पट्टी धरून वाचते.

निवृत्त गुरुजींचा राग यानं जाणार नाही, ठाऊक आहे. त्यांना भेटायला मी येणार आहे, लेकीला घेऊन.

हे पत्र तिनं वाचून बघितलं. पहिल्याच ओळीत अडली. मी सवयीनं ‘स. न. वि. वि.’ लिहिलं होतं. आज्जाला विचारून आली आणि म्हणाली, “मग पुरं लिही की, जागा हाय.” म्हणून वर पुरं लिहिलंय.

— एक पालक, शहापूर, बेळगाव